आमचा लांबवाला आणि अल्लीपूरचा तान्हा पोळा

आमच्या बँडमध्ये कोणी गात नाही. हे मी वाजवण्याआधीच सांगतो, लोक समजूतदारपणे माना हलवतात, आणि अर्धा तास ऐकून झाल्यावर त्यातला एखादा जवळ येऊन हळूच विचारतो, "गाणारा अजून पोचला नाई काय?"

आम्ही चौघं. मी विजेची गिटार वाजवतो. माझा मावसभाऊ ड्रम वाजवतो. दिवसभर तो मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे हात हलका आणि स्वभाव चिडका. चेलो वाजवतात शाळेत गणित शिकवणाऱ्या एक मॅडम. चेलो म्हणजे व्हायोलिनची धिप्पाड मावशी, गुडघ्यांमध्ये उभी धरून वाजवायची. मॅडम ऑटोत बसल्या की ऑटोवाला दोन सवाऱ्या धरतो. चौथा आमचा क्लॅरनेटवाला. त्याच्याबद्दल पुढे येईलच, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे. मी फक्त तिची वाट लावली.

आमचं संगीत कसलं आहे हे मी घरी एकदा समजावून सांगितलं होतं. म्हटलं, रॉक आहे, पण त्यात जाझ आहे, आणि युरोपात मोजके लोक दिवाणखान्यात बसून जे गंभीर संगीत ऐकायचे, तेही आहे. बायको म्हणाली, "म्हणजे खिचडी." वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "खिचडी शिजते."

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमचं कृषी केंद्र आहे. दुकानाच्या मागे खताचं गोदाम आणि त्या गोदामात आमची तालीम. खताच्या पोत्यांसारखी आवाज पिणारी दुसरी वस्तू जगात नाही. चारी बाजूंनी छताला टेकतील अशी थप्पी असली की आमचा आवाज कसा मऊ, गोल, परदेशी वाटायचा. पेरणीचे दिवस आले की शेतकरी पोती उचलून न्यायचे आणि आमचा आवाज दिवसागणिक कर्कश होत जायचा. एकदा मी एका गिऱ्हाइकाला ड्रमच्या मागची थप्पी सोडून दुसऱ्या खताचा आग्रह केला, तेव्हा वडिलांनी मला दुकानातून तासभर बाहेर उभं केलं होतं. वय काय म्हणाल तर मला दोन मुलं आहेत.

आमच्याकडे पाच-सहा तुकडे होते, पण खरा तुकडा एकच. त्याला नाव नव्हतं, आम्ही त्याला लांबवाला म्हणायचो. तो मी रचला होता. सात मात्रांवर चालायचा, मध्ये अकरावर उडी मारायचा, पुन्हा सातावर यायचा. पण त्यातली माझी खरी करामत म्हणजे रिकाम्या जागा. वाजवता वाजवता चौघांनीही एकदम थांबायचं. गप्प. हात हवेत तसेच. मग सगळ्यांनी एकदम पुन्हा सुरू करायचं. अशा पाच जागा होत्या आणि प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा मोठी. शेवटची तर इतकी मोठी, की मावसभावाने एकदा तिच्यात गिऱ्हाइकाचा फोन घेतला, स्क्रीन कधी येईल ते सांगितलं आणि वेळेवर परत आला.

मॅडम म्हणायच्या, "अहो, ह्या जागा थोड्या कमी करा. मला मोजता मोजता झोप येते."

मी म्हणायचो, "मॅडम, वाजवणं कोणालाही जमतं. न वाजवणं हीच तर कला."

"मग तुम्ही न वाजवण्यातच लक्ष घाला," मावसभाऊ म्हणायचा.

आता क्लॅरनेटवाला. हा मूळचा अल्लीपूरचा. त्याच्या काकांची तिथे बँड पार्टी आहे. लग्नात, वरातीत वाजवणारी, लाल कोटाची, झालरी लावलेली. आईवडील लहानपणीच गेले, काकांनीच वाढवलं आणि क्लॅरनेटही त्यांनीच हातात दिलं. असा बँड ज्याच्या मागे चालतो त्या मुख्य वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात. काकांचे जुने मास्तर थकले होते आणि येत्या लग्नसराईत पुतण्यानं मास्तर व्हावं असं काकांनी ठरवलं होतं. मास्तर झाला की रोज संध्याकाळी अल्लीपुरात तालीम, आणि दिवाळीनंतर रोज कुठे ना कुठे वरात. म्हणजे आमचा क्लॅरनेट गेला. आणि क्लॅरनेट गेला की आमच्यात जे काही संगीत म्हणावं असं होतं ते गेलं. उरलो असतो आम्ही तिघं आणि खत.

"तू सांगून टाक ना काकांना, की मले इकडं वाजवायचं आहे," मी त्याला एकदा म्हणालो. तो क्लॅरनेट पुसत होता.

"सांगतलं."

"मग?"

"म्हणे, पाहतो येऊन." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "हे पा भाऊ, मी पळून येणाऱ्यातला नाई. काका नाराज असले ना, तर माह्या तोंडातून हवाच निघत नाई. त्यानं हाव म्हणलं पाह्यजे. नाई म्हणलं तर मी तिकडं जाईन, अन् तुमच्यावर रागही नाई धरणार."

असं कोणी शांतपणे बोललं की मला फार भीती वाटते. भांडणाऱ्या माणसाला मी गुंडाळू शकतो.

काका खरंच आले. पांढरा शर्ट-पायजामा, कानात अत्तराचा फाया, चाल अशी की मागे बँड असावाच. युरियाच्या पोत्यावर बसले. आम्ही लांबवाला सुरू केला. पहिल्या रिकाम्या जागेपर्यंत त्यांनी ऐकलं आणि आम्ही थांबलो तसे उठून उभे राहिले.

"झालं?"

"नाही काका, ही रिकामी जागा आहे," मी म्हणालो.

"अन् हे कितीत वाजून राह्यलं बे?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"सात मात्रा, काका."

"आठवी कुठं गेली?"

"आठवी नसतेच त्यात."

"मग नाचणारा पाय कुठं ठेवन?"

मी रॉक, जाझ आणि दिवाणखान्याचं सगळं त्यांना समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, गिऱ्हाईक कीटकनाशकाची माहिती ऐकतं तसं. मग म्हणाले, "शेठ, तुमचं बरोबर असन. मले समजत नाई असं मी नाई म्हणत. पण वाजवणाराले लोक लागते. तुम्ही पोत्याले ऐकवून राह्यले. एक काम करा. माह्या गावात येऊन वाजवा. हा लांबवालाच. शेवटाले अर्धं गाव जरी उभं राह्यलं, तर मी दुसरा मास्तर पाहतो. नाई राह्यलं, तर हा पोट्टा माहा."

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तडफेनं म्हणालो, "मंजूर."

आता माझी अक्कल पाहा. लांबवाला ऐकायला अर्धं गाव थांबणार नाही हे मला माहीत होतं. माझी बायकोसुद्धा थांबली नव्हती. तेव्हा प्रश्न संगीताचा नव्हताच. लोकांना जाता येणार नाही अशी वेळ शोधायचा होता. ती मला रात्रीच्या जेवणाआधीच सापडली. तान्हा पोळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं मैदानात आणतात, रांग लागते, परीक्षक हिंडतात आणि मग बक्षिसं. आता ज्याच्या पोराचा बैल रांगेत उभा आहे तो बाप निकाल लागल्याशिवाय जागचा हलेल का? त्याची बायको हलेल? आजी-आजोबा हलतील? परीक्षक निकालाला तास लावतात. तेवढ्यात लांबवाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि अर्धं काय, अख्खं गाव उभं. मंडळाचे अध्यक्ष आमच्याच दुकानातून बियाणं न्यायचे, त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "या ना. पोट्ट्याहिचं मनोरंजन होईन."

मॅडमना मी ही युक्ती सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे कॉपी करून पास व्हायचं."

"नियोजन म्हणतात याला, मॅडम."

त्या दिवशी आम्ही चौघं काळ्या कपड्यांत गेलो. ही कल्पनाही माझीच; मोठमोठे वादक काळ्यात वाजवतात असं मी व्हिडिओत पाहिलं होतं. अल्लीपूरच्या मैदानात झुली, घुंगरं, रंगीत कागद, नवे फ्रॉक, धोतर नेसवलेले चार वर्षांचे शेतकरी, आणि त्यात आम्ही उतरलो. गाडीतून चेलोची लांब काळी पेटी बाहेर काढली, मी डोक्याकडून आणि मावसभावानं पायाकडून धरली. एक आजीबाई जवळ आल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "कोन गेलं गा?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आमची जागा होती. सामान लावून झालं. रांग मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेली होती; पायाएवढ्या बैलापासून खऱ्या गोऱ्ह्याएवढ्या बैलापर्यंत. परीक्षक वह्या सरसावून निघाले. मी गिटार गळ्यात घातली. तेवढ्यात काका आले, अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "अध्यक्ष, लेकरं उन्हात तपून राह्यले. आधी बक्षीस वाटून टाका. वाजवणं काय, मंग होत राह्यते."

"काका, पण ठरल्याप्रमाणे..." मी ट्रॉलीवरून म्हणालो.

"काय ठरलं होतं शेठ?"

"बक्षिसाआधी..."

"काऊन? बक्षिसानंतर आवाज निघत नाई काय तुमच्या यंत्रातून?"

हा माणूस पंचवीस-तीस वर्षं वराती हाकत आला होता. माणसं कशासाठी थांबतात आणि कधी सटकतात याबाबतीत त्याच्यापुढे माझं नियोजन म्हणजे लाकडी बैल. पुतण्या मागे वळून खाली पाहत होता. मला वाटलं रडतो. नीट पाहिलं तर हसू दाबत होता.

बक्षिसं वाटली गेली. स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या. ज्यांना मिळालं ते दाखवायला घरी निघाले, ज्यांना नाही मिळालं ते परीक्षकांना नावं ठेवत घरी निघाले. अशा मुहूर्तावर अध्यक्षांनी माइकवर सांगितलं, "आता वर्ध्याहून आलेले कलाकार आपल्याले काईतरी वाजवून दाखवतीन." काईतरी हा शब्द त्यांनी फार नेमका वापरला.

काकांनी एक प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि ट्रॉलीसमोर ठेवली. पण बसले आमच्याकडे पाठ करून, तोंड गावाकडे. आम्हाला ऐकायला ते आलेच नव्हते. कोण जातं ते पाहायला आले होते.

सुरू केलं. सात मात्रा. पहिल्या पाचच मिनिटांत दोन उत्साही तरुण पुढे आले आणि वरातीसारखे नाचायला लागले. सहाव्या मात्रेपर्यंत त्यांचं ठीक चालायचं, सातव्याला एक पाय उचललेला राहायचा आणि पुढची फेरी सुरू व्हायची. तीनदा एकमेकांवर आदळले. एकजण म्हणाला, "अबे, रस्ता खराब हाये," आणि दोघंही बर्फगोळ्याच्या गाडीकडे गेले. त्यांच्या मागे चार जण गेले. मग एक अख्खं कुटुंब, बैल ओढत. चाकांचा खडखड आवाज आमच्या ड्रमपेक्षा जास्त तालात होता. मैदानाच्या कडा उसवत चालल्या होत्या आणि खुर्चीतल्या काकांचं डोकं प्रत्येक जाणाऱ्याबरोबर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत होतं. क्लॅरनेटचा सूर पातळ व्हायला लागला. तो म्हणाला होता तसंच. तोंडातून हवा निघेना.

आणि पहिली रिकामी जागा आली.

आम्ही थांबलो. माझा हात हवेत, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर न वाजवण्याची कला. मैदान एकदम शांत. मॅडम ओठांत मोजत होत्या.

त्या शांततेत ट्रॉलीच्या चाकाजवळून एक आजोबा पुढे आले. धोतर, टोपी, हातात काठी. त्यांनी एक हात कानाशी नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"लाकडाच्या बैलाले रेशमाची झूल,
थांबले वाजंत्री, पडली काय भूल?"

आणि पोरंसोरं, बायाबापड्या, गोळेवाला, जात असलेले, गेलेले, सगळे एका दमात ओरडले, "हर हर महादेव."

मी डोळे उघडले. माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी. पोळ्याला आम्ही शेतकऱ्याला वेसण, कासरा, रंग विकायचे आणि गिऱ्हाईक संपलं की पुरणपोळी खाऊन झोपायचं. बैलांची रांग जिथे लागते त्या तोरणाखाली मी कधी उभाच राहिलो नव्हतो. झडती म्हणजे पोळ्यात म्हणायचा दोन ओळींचा जुळवलेला टोमणा, एवढं ऐकून होतो. पण ती केव्हा म्हणतात, हे कोण सांगणार? पोळ्यात वाजंत्री वाजवतात आणि थांबतात. ते थांबले की ती जागा गावाची. कोणीतरी झडती टाकायचीच, लोकांनी महादेवाचा पुकारा करायचाच, मगच पुन्हा वाजायचं. जन्मापासून ह्या लोकांना हेच माहीत. आणि मी वर्षभर खपून, मात्रा मोजून, नेमक्या अशा पाच जागा त्यांना करून आणल्या होत्या.

मावसभाऊ दचकला आणि त्याच्या हातून काठी ड्रमवर पडली. ते निमित्त धरून आम्ही चौघंही सुरू झालो. मॅडम मोजणी हरवून बसल्या होत्या; त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शाळेतली पोरं त्या नजरेला काय म्हणत असतील ते मला कळलं.

पण बर्फगोळ्याकडचे लोक परत वळले होते. कारण आजोबांच्या झडतीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आम्ही वाजवत असताना एक जाडजूड किराणावाला गर्दीतून पुढे सरकत होता, ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होता. दुसरी जागा आली तशी त्यानं आजोबांकडे बोट केलं.

"म्हाताऱ्याच्या धोतराचा फाटला सोगा,
दरसाली तेच झडती, कितीक दिवस भोगा?"

पुकारा इतका मोठा झाला की घराघरांतून लोक बाहेर आले. आजोबा काठी आपटून म्हणाले, "थांब तू, वाजू दे याहिले." आम्हाला म्हणाले, "वाजवा लवकर. लय नोका वाजवू."

आयुष्यात कुठल्याही श्रोत्यानं आमच्याकडे इतक्या आतुरतेनं पाहिलं नव्हतं. आम्ही वाजवत होतो आणि समोर शंभर तोंडं आम्ही थांबायची वाट पाहत होती. क्लॅरनेटमध्ये हवा परतली. तो आता मुद्दाम जागेच्या जवळ जाऊन पुन्हा माघारी वळायचा. लोक श्वास घ्यायचे आणि सोडून द्यायचे. हे मी रचलेलंच नव्हतं. मॅडमनी मोजणं सोडलं होतं आणि खालच्या तारेवर गज असा फिरवत होत्या की ट्रॉलीचा पत्रा थरथरत होता.

तिसरी जागा माझ्यासाठी होती. मागून कोणीतरी, अजूनही मला कळलेलं नाही कोण:

"काया कपड्याचा शेठ, केसं त्याचे लांब,
बियानं त्याचं उगवत नाई, म्हनते अजून थांब."

महादेवाच्या आधी हशा झाला, महादेवानंतर झाला, आणि अध्यक्ष माइकवरच म्हणाले, "खरं हाये." मी कमरेत वाकून नमस्कार केला, त्यात गिटारची पिन निसटली आणि चौथ्या जागेपर्यंत मी नुसताच बोटं हलवत होतो. फरक कोणालाच जाणवला नाही. पुढे मावसभाऊ म्हणाला की तेवढा भाग फार चांगला झाला.

चौथ्या जागेत एक बाई पुढे आल्या, कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात दोरीला बांधलेला बैल. चेलोकडे पाहून म्हणाल्या,

"बाईच्या वाद्याले उंटावानी गळा,
माह्या घरच्या धन्याले कामाचा कंटाळा."

घरचा धनी शेजारीच उभा होता. त्यानं मुकाट्यानं बैलाची दोरी हातात घेतली. मॅडम इतक्या हसल्या की गज हातातून सुटून ट्रॉलीखाली गेला आणि तो वर येईपर्यंत त्यांनी बोटांनीच तारा छेडल्या. जाझमध्ये असंच करतात असं मी नंतर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मीच तुम्हाला सांगितलं होतं."

मैदान आता काठोकाठ भरलं होतं. निकालावर रुसून घरी गेलेली पोरंसुद्धा बैलासकट परत आली होती. काकांची पाठ अजून आमच्याकडेच. पण त्यांचं डोकं आता फिरत नव्हतं, कारण जाणारं कोणी नव्हतंच.

पाचवी जागा, सगळ्यांत मोठी. आम्ही थांबलो. तिघा-चौघांनी एकदम तोंडं उघडली, आणि काका खुर्चीतून उठले. सगळे गप्प झाले. ते पहिल्यांदा आमच्याकडे वळले. म्हणजे आमच्याकडे नव्हे, त्याच्याकडे.

"खांद्यावर घेऊन वाढवला, शिकवला एकएक सूर,
आता म्हनते काका, तुम्ही बसा थोडे दूर."

पुकारा झाला नाही. आजोबांनी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. मैदानात एवढी माणसं आणि एक चाक वाजेना. अशी शांतता मला वर्षभर खपून करता आली नव्हती, आणि ती आली तेव्हा मला ती नको होती.

पुतण्यानं क्लॅरनेट ओठांना लावलं. मला वाटलं तो तुकडा पुढे नेईल. पण त्यानं गावानं चारदा दिलेला तो पुकाराच वाजवला. चढत जाणारा, शेवटी लांबवलेला, अगदी माणूस ओरडतो तसा. एकट्यानं. एकदा वाजवून थांबला आणि काकांकडे पाहत उभा राहिला. मग पुन्हा वाजवला, तेव्हा अख्ख्या मैदानानं त्याच्याबरोबर आवाज दिला, आणि काकांचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता, कारण वरातीतल्या भोंग्यांपलीकडे ऐकू जाईल असाच तो कमावलेला होता.

यानंतर तुकडा संपायला हवा होता. शेवटचे सूर आम्ही वाजवले आणि थांबलो. तर आजोबा पुढे आले आणि त्यांनी किराणावाल्यावर झडती टाकली. पुकारा झाला. लोक आमच्याकडे बघायला लागले. आम्ही पुन्हा थोडं वाजवलं आणि थांबलो. किराणावाल्यानं उत्तर दिलं. मी माइकवर म्हणालो, "धन्यवाद, आमचा कार्यक्रम इथे संपला." म्हणजे पुन्हा थांबलोच, त्यावरही एक झडती आली. आम्ही शेवट वाजवतोय आणि त्यांच्या लेखी तो शेवट नव्हेच, नुसती जागा. मावसभाऊ ओरडून म्हणाला, "दादा, संपवायचं कसं लिहिलंय?" मी म्हटलं, "थांबून." सूर्य खाली गेला, माझी बोटं सोलवटली, बाया स्वयंपाकाला म्हणून निघाल्या आणि अर्ध्यातून परत आल्या. सरतेशेवटी विजेनं दया केली. मैदानाची लाइन गेली, गिटार मेली, आणि अंधारात आजोबांनी जाहीर केलं, "बाकीचं पुढच्या साली."

ट्रॉलीवरून उतरल्या उतरल्या मी काकांपाशी गेलो. विजयी माणसाचा चेहरा मला नीट जमत नाही, पण केला होता. "काका, गाव थांबलं."

"तुमच्यासाठी कुठं थांबलं? एकमेकाले टोमणे माराले थांबलं."

हे इतकं खरं होतं की मी पार गळालो. तेव्हा पुतण्या मागून म्हणाला, "काका, लग्नात लोक तुमचा बँड ऐकायले थांबते काय?"

"मग कायले थांबते?"

"नाचायले. अन् जेवायले."

काकांनी खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली, कातरली, अर्धी त्याला दिली. दोघं चघळत उभे राहिले. मग काका म्हणाले, "मास्तर पाहतो मी दुसरा. हिंगणघाटकडं एक हाये, येतो म्हणून राह्यला. पण मोठ्या लग्नाले तू येजो."

"येईन ना."

"अन् आठवड्यातून एकदा जेवाले."

"हाव."

मग ते माझ्याकडे वळले. "शेठ, तुमच्या पायी माह्या बँडात माणूस कमी झाला. तो कोन भरन?"

"मी काय सांगू काका..."

"खुळखुळा वाजवता येते काय?"

"तसा मी गिटार..."

"गिटार नाई लागत वरातीले. खुळखुळा. पांढऱ्या पायजाम्यावर येजा, वरचा कोट मी देतो."

त्यांचा आवाज असा होता, आणि पुतण्याचा चेहरा असा, की मी मान हलवली. मॅडम पाठीमागे चेलो पेटीत ठेवत होत्या. त्यांनी पेटीचं झाकण मुद्दाम बराच वेळ उघडं ठेवलं, ऐकायला मिळावं म्हणून.

दिवाळीनंतर पहिली वरात निघाली तेव्हा मी सगळ्यांत मागच्या रांगेत होतो, दोन्ही हातांत खुळखुळे, गळ्याशी कोट आवळलेला. पुढे हिंगणघाटचे नवे मास्तर, बाजूला काका. सरळ आठ मात्रांची चाल, वर्ध्यातलं कुठलंही पोर झोपेत वाजवेल अशी. मला सातचीच सवय झालेली. आठवी आली की माझे हात पुढच्या फेरीत पोचलेले असायचे. नवरदेवाची घोडी माझ्याकडे वळून वळून पाहत होती. काका रांगेतून मागे आले आणि माझ्याबरोबर चार पावलं चालले.

"काय करून राह्यले शेठ?"

"मोजतोय, काका."

"मोजू नोका. त्या लाल साडीवाल्या बाईच्या पायाकडं पाहा, अन् तो पाय पडला की हलवा."

मी पाहिलं. बाई साठीच्या असतील, नवरदेवाची आत्या असावी, आणि काय नाचत होत्या. पाय पडला, मी हलवला. पुन्हा पडला, पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा त्या थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "काय गा, माह्या पायाकडं काऊन पाहून राह्यला?"